फोन पोरांकडे

मंजुश्रीचा पहिला पाठ पाचवीतल्या छकुलीने पाडला, तोही अगदी बरोबर उत्तर देऊन.

मंजुश्री डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला. मोताळ्याजवळच्या शाळेत पाचवीला सरावपाठ द्यायची आणि तिच्या मार्गदर्शक संजीवनी मॅडम खामगावात बसून व्हिडिओ कॉलवर ते बघायच्या. पाठ बघायला कोणी येणार म्हटलं की तो आदल्या दिवशीच पोरांकडून बसवून घ्यायचा, ही आपल्याकडची रीतच. स्नेहसंमेलनातला नाच बसवतात, तसा. मंजुश्रीनेही बसवला. फोन स्वतःकडे तोंड करून लावला, छान साडी नेसली, आणि "आता मला सांगा" एवढं म्हणायचा अवकाश, छकुलीने उभं राहून उत्तर ठोकून दिलं. प्रश्न अजून विचारायचाच होता.

मॅडम हसल्या नाहीत. "हा पाठ तू मला दिलास, पोरांना नाही. सोमवारी पुन्हा दे, आणि फोन पोरांकडे कर. तू दिसली नाहीस तरी चालेल."

सोमवारचा पाठ म्हणजे शेवटची संधी. तोही गेला तर आख्खं वर्ष पुन्हा.

मुख्याध्यापक नारायणराव मनाने चांगले. म्हणाले, "काऊन जिवाले घोर लावून घेऊन राह्यली, पोरी? हुशार पोरं पुढं बसव. बाकीच्यायले मी मैदानावर नेतो."

"नाही सर. सगळेच बसतीन. अन् या बारीनं मी कोणाकडून काही घोकून घेतलं नाही."

सोमवारी फोन टेबलावर, पोरांकडे बघत. चौथा भाग मोठा की सहावा, एवढाच पाठ. मंजुश्रीने फळ्यावर गोल काढले, भाग पाडले, शुद्ध पुस्तकी भाषेत समजावलं आणि विचारलं, "समजलं का?"

"होऽऽऽ!"

हा 'हो' तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. शाळेत तीही असाच म्हणायची, म्हणून तर गणिताची धास्ती कॉलेजात जाईपर्यंत सुटली नाही. पुढे सरकली असती तर पाठ वेळेत संपला असता. तिला ते जमेना.

"खरं सांगा, कोणाले नाही समजलं? मी रागावणार नाही."

आधी एक हात वर झाला, मग धडाधड सगळे. छकुलीचाही. मॅडमच्या डोळ्यांदेखत आख्खा वर्ग! मंजुश्रीने फळा पुसला.

"बरं, एक भाकर, अन् खाणारे चार. तेवढीच भाकर, अन् खाणारे सहा. मोठा कुटका कोणाले?"

वर्गात एकच कल्ला उठला. "आत्याबाई पोरं घेऊन आली का आमचा कुटका लहान होते, ताई!" छकुली ओरडली.

तेवढ्यात मंजुश्रीचं लक्ष फोनकडे गेलं. पडदा काळा. कॉल कधीचाच कटला होता. ज्यांच्या हातात तिचं वर्ष होतं, त्या बघतच नव्हत्या. तिला रडू फुटायचं बाकी राहिलं. पण मागच्या रांगेत अजून दोन हात वर होते. ती फोन तसाच टाकून तिकडे गेली.

ते हात खाली गेले तेव्हा फोन वाजला.

"रेंज गेली गं. हात वर झाले तेवढे दिसले, पुढचं काही नाही. पुन्हा देतेस का पाठ?"

हो म्हणणं सोपं होतं. पोरांना आता सगळं येत होतं.

"नाही मॅडम. आता दिला तर तो बसवलेलाच होईल. तुम्हीच विचारा पोरांना." आणि तिने फोन छकुलीच्या हातात दिला.

छकुलीने चार जण, सहा जण, आत्याबाई, सगळं रंगवून सांगितलं. "समजलं काय, मॅडम?"

"हो."

"नुसतं हो म्हणू नोका," छकुलीने दरडावलं. "आठ जण आले तं कुटका कसा होईन?"

"आणखी लहान," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. "तुझ्या ताईला सांग, पाठ मंजूर."

छकुली वर्गाकडे वळली. "ताई पास! अन् मॅडमलेबी समजलं!"