बागेतून दुसरी पाइपलाइन

गॅस कंपनीचा जमीन-अधिकारी फाटकापाशी आला आणि तिथेच घुटमळला. पहिली पाइपलाइन या बागेतून गेली तेव्हा तो या घरचा जावई होता. घटस्फोटानंतर तो इकडे फिरकला नव्हता. "तुमच्या ओळखीचं घर आहे, तुम्हीच जा," असं वरिष्ठांनी फर्मावलं, तेव्हा ती ओळख कशी संपली हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

सासूबाईंनी दार उघडलं. चष्मा नाकावर नीट बसवून त्याला न्याहाळलं.

"या, साहेब."

पूर्वी त्या 'जावईबापू' म्हणायच्या.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने नकाशा पसरला. कोळशावरचं जुनं वीजकेंद्र बंद होऊन त्या जागी गॅसवर चालणारं उभं राहिलं होतं. पण एकाच पाइपमधून गॅस येणार किती? थंडी पडली की घराघरांतले गॅसवरचे हीटर सुरू व्हायचे, पाइपमधला दाब उतरायचा आणि केंद्राला दोनातलं एक यंत्र बंद ठेवावं लागायचं. म्हणून पहिल्या पाइपला समांतर दुसरा टाकायचा होता.

"म्हणजे माझी नासपतीची झाडं तोडायची," सासूबाई म्हणाल्या.

"दोन रांगा, आई." 'आई' तोंडातून निसटलंच. तो घाईघाईने पुढे म्हणाला, "पाइपवर पुन्हा झाडं लावता येणार नाहीत. मुळं खोल जातात ना."

"फळ धरायला किती वर्षं लागली, ठाऊक आहे?"

"आहे. निम्मे खड्डे मीच खणले होते."

सासूबाई चहाचा कप त्याच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "जमीन आता मुलीच्या नावावर आहे. रविवारी ती येईल. तिच्याशी बोला."

मुलगी, म्हणजे त्याची एके काळची बायको, त्याच वीजकेंद्रात इंजिनिअर होती.

रविवारी ती आली ती कामावरून थेट, जाड बूट दाराशी काढत.

"तू? कंपनीत दुसरं कुणी नव्हतं?"

"होतं. पण ओळखीचं नव्हतं."

तिने हसू दाबलं आणि खुर्ची ओढली. मग आईकडे वळून म्हणाली, "आई, जमीन द्यायला हवी. मागच्या थंडीत यंत्र बंद करायची पाळी माझ्यावर आली. अर्धं शहर अंधारात गेलं. हॉस्पिटलांचे जनरेटर सुरू झाले की नाही हे कळेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता."

"आणि बाग?"

"बागेचं मलाही वाईट वाटतं गं. पण हा म्हणतोय ते खरं आहे."

"वा! तुमचं दोघांचं एकमत झालं! संसारात एकदा तरी झालं असतं तर!"

तो नकाशात डोकं खुपसून बसला. आधी मुलीला हसू फुटलं, मग सासूबाईंना, आणि शेवटी त्यालाही आवरेना.

हसू ओसरल्यावर सासूबाईंनी विचारलं, "पाइप तर कवेत मावेल एवढाच. मग दोन रांगा कशाला?"

काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेता आली असती. पण तो म्हणाला, "पाइपला एक रांग पुरे. दुसरी जाते ती खणलेली माती टाकायला."

"मग माती ट्रकने बाहेर न्या."

"नेता येईल, पण कामाला वेळ लागेल."

"थंडीच्या आत व्हायला हवं," मुलगी म्हणाली.

"लगेच सुरू केलं तर होईल. वरिष्ठ मात्र माझी खरडपट्टी काढतील."

"काढू देत!" मायलेकी एका सुरात म्हणाल्या.

खरडपट्टी निघालीच. पण या एका बागेपायी सगळी लाइन अडून बसेल, हा मुद्दा त्याने धरून ठेवला आणि अखेर एकच रांग तोडायची मंजुरी मिळवली.

झाडं पडली त्या दिवशी सासूबाई घराबाहेर आल्या नाहीत. जोडलेला पाइप क्रेनने चरात सोडला तेव्हा मात्र काठाशी येऊन उभ्या राहिल्या.

"पुढेमागे गॅसच संपला तर?"

"पाइप राहील. त्यातून दुसरं काही वाहील, किंवा काहीच नाही."

"म्हणजे माझ्या झाडांपेक्षा हाच जास्त टिकणार."

"हो, आई."

त्या चराकडे पाहत म्हणाल्या, "पूर्वी काहीही विचारलं की 'काळजी करू नका' म्हणायचात. हे बरं आहे."

थंडी आली. एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. "दोन्ही यंत्रं चालू आहेत. दाब जागचा हलला नाही. मी नुसती बसून आहे, माश्या मारत." मग आईचे गुडघे, त्याची नवी जागा, असं बोलणं बरंच लांबलं. तिची शिफ्ट संपत आली तेव्हा कुठे दोघांना वेळेचं भान आलं.

थंडी सरल्यावर तो पाइपवरच्या जमिनीच्या पट्टीची पाहणी करायला गेला. राखलेल्या रांगेतली काही झाडं वाळली होती. खणताना मुळं दुखावली असणार. हे कसं सांगावं याची जुळवाजुळव करत तो घराकडे वळला, तर सासूबाई समोरूनच करवत घेऊन येत होत्या.

"बघितलीत ना? वाळली ती काढून टाकू. बाकीच्यांना कळ्या आल्यात. धरा हे दुसरं टोक."

त्याने बाह्या सरसावल्या आणि करवतीचं टोक धरलं.