बंद पडलेल्या कंपनीची किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे. दाराला लावून बघू नका, फुकट दमाल. माझं अंग आगपेटीएवढं, एका बाजूला टाचण्यांसारखे दात, दुसऱ्या बाजूला तेवढीच भोकं. कंप्युटरच्या पाठीत मला खोचायचं आणि माझ्यात प्रिंटरची तार. मी जागेवर असले तरच बुटांचे साचे काढणारा प्रोग्राम उघडायचा. त्याची कुणी चोरून नक्कल करू नये म्हणून तो विकणाऱ्या कंपनीने आमची जोडी लावून दिली होती.

मित्रांनो, वीस वर्षं मी भिंतीकडे तोंड करून काढली. कारखाना दोन भावंडांचा. ताई साचे काढायची, दादा बूट शिवायचा. कुणाचा पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, अशांचे बूट. लोक म्हणायचे, "ताईच्या कंप्युटरला पाय कळतात." माझं नाव कुणी काढलं नाही. खोचून ठेवलेल्याला कोण विचारतं!

मग नवा प्रिंटर आला. दादाने जुना प्रिंटर तारेसकट उपसून भंगाराच्या खोक्यात टाकला. तारेच्या टोकाला मी होते.

दुसऱ्या दिवशी टपालवाली लंगडत आली. "ताई, तळ फाटला गं. सोमवारी कामावर हजर व्हायचंय." तिचा साचा सहा वेळा बूट घालून, दुखेल तिथे खुणा करून तीन वर्षांत जमला होता. नुसत्या मापात दुखणं येत नाही.

प्रोग्राम काही उघडेना. किल्ली नाही, एवढंच सांगून गप्प. ताईने कंपनीला फोन लावला. कंपनी कधीच बंद पडली होती, दुसऱ्या कुणी ती विकत घेतली होती. तिथला माणूस म्हणाला, "तो प्रोग्राम आम्ही बंद केलाय. नवा घ्या. जुने साचे त्यात उघडणार नाहीत."

"मग माझे नऊशे पाय मी कुठे ठेवू?" ताई ओरडली. त्याने फोन ठेवला.

"दादा, कंप्युटरच्या मागे एक ठोकळा होता. कुठाय?"

"कसला ठोकळा? तारेची गाठ होती ती."

"गाठ तुझ्या डोक्यात आहे! आण तो खोका!"

मी सापडले. एक दात वाकला होता, तो ताईने सुईने सरळ केला. प्रोग्राम उघडला. रविवारी टपालवाली नवे बूट घालून खोलीभर फिरली आणि म्हणाली, "दुखत नाही." बघितलं ताईकडे. कंप्युटरच्या मागे कोण डोकावणार?

दुसऱ्या दिवशी ताईने कागदांचा गठ्ठा आणला. "ही गेली की आपण मेलो. एकेक पाय कागदावर उतरवायचा." नव्या प्रिंटरवर एवढा भार नको म्हणून जुना पुन्हा माझ्यात जोडला. महिनाभर माझ्यातून पाय जात राहिले. जो पाय कागदावर गेला, त्याला माझी गरज उरली नाही. हे मला कळत होतं. तो वाकलेला दात जरा सैल सोडला असता तरी काम अडलं असतं. नाही सोडला. नऊशे पायांना चालायचं होतं.

काल शेवटचा पाय उतरला. ताईने कंप्युटर बंद केला, कागद कपाटात लावले आणि दार ओढून घेतलं. समोर भिंत आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू चालते आहे तोवरच तिच्या पोटातलं काढून घ्या. नंतर जागोजागी फोन करत बसू नका. आणि सगळं काढून घेतलंत की घटकाभर तिच्याजवळ बसा. तेवढ्याला कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नाही.