पूनमचे सात धडे

रोहिणी दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला शाळेत यायची. चपला पायरीखाली काढायची, वाचनालयाच्या दारात उभी राहायची आणि मी "ये" म्हटल्यावरच आत यायची. खिडकीजवळच्या खुर्चीवर ती जेमतेम टेकायची. मी तिच्या कानांवर हेडफोन चढवायचो आणि पूनमची पहिली फाईल लावायचो.

पूनम तिची मुलगी, चौथीतली. रोहिणी आणि तिचा नवरा जयवंत गडहिंग्लजकडचे. जयवंत डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार नऊ साली, ती दोघं मुलीला घेऊन आमच्या गावात राहायला आली. यंदाच्या जूनपासून पूनम माझ्या वाचनवर्गाला येऊ लागली आणि ऑगस्टमध्ये तीन दिवसांच्या तापाने गेली.

निवृत्त झाल्यावरही मी शाळेत हा वर्ग घेत होतो. रीत साधी होती. मुलाने धडा मोठ्याने वाचायचा, तो यंत्रात उतरायचा, मग मुलानेच तो ऐकायचा. आपण कुठे अडखळतो हे दुसऱ्याने सांगून कळत नाही, स्वतःच्या कानांनी ऐकलं की एका खेपेत कळतं. पूनमने सात धडे वाचले होते. जोडाक्षर आलं की ती थांबायची, मनात जुळवायची आणि मग एकदम म्हणून टाकायची.

तेराव्यानंतर रोहिणीने विचारलं, "गुरुजी, ते तिचं वाचल्यालं अजून हाय का तुमच्याकडं?"

मी तिला सीडी करून द्यायला तयार होतो. पण जयवंत नको म्हणाला. गेलेल्या पोरीचा आवाज घरात नको, बायको त्यातून उठायची नाही. त्याने पूनमचे कपडे, दप्तर, सगळं वाटून टाकलं होतं. त्यामुळे आवाज शाळेत राहिला आणि रोहिणी शाळेत येऊ लागली.

हे सगळं ध्वनिमुद्रण एका जुन्या सर्व्हरवर होतं. वेर्ण्याच्या एका कंपनीने ऑफिस बंद करताना तो आमच्या शाळेच्या मंडळाला दिला होता. वाचनालयातले दहा संगणक त्याच्या जिवावर चालत. मी दर एप्रिलला वर्षभराचं वाचन सीडीवर उतरवून ठेवायचो. पूनमचे धडे मात्र याच वर्षीचे, त्यामुळे ते फक्त सर्व्हरवर होते.

जूनमध्ये सर्व्हरचं डिस्क सांभाळणारं कार्ड जळलं, म्हणून दुसरं घातलं. तेव्हापासून यंत्र धड नव्हतं. चार मुलं एकदम वाचायला बसली की पंधरा मिनिटांत सगळे पडदे थिजायचे. मग बटण दाबून बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं.

सप्टेंबरअखेरच्या एका शुक्रवारी मी प्रज्योतला फोन केला. प्रज्योत माझाच विद्यार्थी, आता पणजीत संगणकांचंच काम करतो. पडद्यावर येणारी वाक्यं मी त्याला एकेक अक्षर वाचून दाखवली.

"कार्ड बरं आहे, सर," तो म्हणाला. "तुमचा कर्नल जुना आहे. त्याला ह्या कार्डाशी बोलायला येत नाही. नवा घालायला हवा."

फोनचा स्पीकर चालू होता, त्यामुळे वर्गातल्या मुलांनीही हे ऐकलं. समीक्षा म्हणून चौथीतली एक चुणचुणीत मुलगी आहे, तिने विचारलं, "सर, कर्नल म्हणजे सैन्यातला?"

"तो नव्हे," मी म्हटलं. "केरीची फेरीबोट पाहिली आहेस ना? गाड्या चढवताना एक माणूस हात करत उभा असतो. तू पुढे ये, तू थांब, तू उजवीकडे घे. बोट त्याची नाही, गाड्याही त्याच्या नाहीत, पण तो नसेल तर सगळे एकमेकांवर आदळतील. यंत्राच्या आत तसा एक प्रोग्रॅम असतो, त्याचं नाव कर्नल. आता समज, त्याने जन्मात न पाहिलेली लांबलचक गाडी आली, तर?"

"तो तिला रिक्षासारखी चढवील," समीक्षा म्हणाली.

"आणि बोट कलंडेल. आपलं तेच झालंय."

फोनवर प्रज्योत हसला. मग म्हणाला, "सर, मी उद्या येतो. पण यंत्र थिजतं तेव्हा दर वेळी आत काहीतरी मोडतं. सगळं एकदम उतरवायला जाऊ नका, ते थिजेल. जे सगळ्यांत गरजेचं आहे तेवढं आजच पेनड्राइव्हवर घ्या."

सात फायली. पाच मिनिटांचं काम. मी खण उघडून पेनड्राइव्ह शोधत होतो तेवढ्यात गोपाळ आला. गोपाळ मंडळाचा सेक्रेटरी, गावातलाच, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. काय चाललंय ते मी त्याला सांगितलं.

"मास्तरांनू, थांबा," तो म्हणाला. "मागच्या खेपेला कार्ड घातलं तेव्हा कुणाला विचारलंत?"

"कुणाला विचारायचं?"

"तेंच म्हणतां मी. शाळेची कौलं बदलायची तर आपण प्रसाद घेतो. बोअर मारली तेव्हा घेतला. हें यंत्र मात्र उघडलं तसंच, आणि तेव्हापासून बघा. आज शुक्रवार. चला देवळात."

आमच्याकडे ही रीत जुनी. ग्रामदेवी सातेरीच्या मूर्तीला गुरव ओल्या पाकळ्या लावतो, आपण प्रश्न सांगायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी कधी त्याची थट्टा केली नाही आणि त्या दिवशी तर मला ते बरंच वाटलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. नवा कर्नल घालताना काही बिघडलं तर रोहिणीला काय सांगू, हा प्रश्न फोन ठेवल्यापासून सुटत नव्हता. देवीनेच हो म्हटलं असतं तर तो भार माझ्या एकट्यावर राहिला नसता.

सगुण गुरवाने पाकळ्या लावल्या. "विचारा," तो म्हणाला.

मी विचारलं, "शाळेच्या यंत्राला हात लावू का?"

बराच वेळ काही झालं नाही. समईची वात सगुणने सारखी केली. मग डावी पाकळी सुटली आणि खाली आली.

"आता पुढच्या शुक्रवारी विचारा," सगुण म्हणाला.

परतताना मी गोपाळला म्हटलं, "नुसत्या सात फायली उतरवून घेतल्या तर?"

"हात लावू का, असं तुम्हीच विचारलंत मा? मग उतरवणं म्हणजे हात लावणं नव्हे काय?"

देवीला मी नव्या कर्नलचं विचारायला गेलो होतो, पण तोंडून भलताच मोठा प्रश्न गेला होता. परीक्षेच्या आधी मी मुलांना काय सांगायचो? प्रश्न दोनदा वाचा, जेवढं विचारलंय तेवढंच लिहा. पण आता प्रश्न बदलून पुन्हा देवळात जायची लाज वाटली. प्रज्योतला फोन करून पुढच्या शनिवारी ये म्हटलं. तो म्हणाला, "निदान बंद तरी करून ठेवा, सर." बंद करायचं म्हणजेसुद्धा हात लावणं. मुलांचा वर्ग थांबवला, खोलीला कुलूप लावलं आणि यंत्र आत तसंच चालू ठेवलं.

रविवारी रोहिणी आली. मी तिला दारातच सगळं सांगितलं. यंत्र बोलायला लावलं असतं तर बोललं असतं, हे मला ठाऊक होतं. आत त्याचा पंखा ऐकू येत होता.

तिने देवळाच्या दिशेने हात जोडले. "देवीनं सांगितलंय तर ऱ्हाऊ द्या, गुरुजी. एका आठवड्यानं काय हुतंय."

ती पायरीवर थोडी बसली आणि गेली.

मंगळवारी दुपारी गडगडाट सुरू झाला. दसरा जवळ आला की आमच्याकडे दुपारची आभाळं अशीच येतात. वीज गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. मी घरून छत्री घेऊन निघालो आणि वाचनालयाच्या दाराशी उभा राहिलो. किल्ली खिशात होती. आतून यंत्र सुरू व्हायचा आवाज यायचा, मग तुटायचा. असं सहा-सात वेळा झालं. मी दार उघडलं नाही.

पुढच्या शुक्रवारी उजवी पाकळी लगेच पडली. गोपाळने माझ्याकडे पाहून मान हलवली.

शनिवारी सकाळीच प्रज्योत आला. येताना उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन आला होता. चहात बुडवून खाताना त्याने पडद्यावर चुकांच्या ओळी पाहिल्या आणि खाणं थांबवलं.

"सर, हे कधीपासून असं आहे?"

"मंगळवारपासून असेल."

त्याने आधी नवा कर्नल घातला. दोन तास लागले. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि त्याने मुद्दाम त्याच्यावर भरमसाट काम टाकलं. दहाही पडदे चालू ठेवले. काही थिजलं नाही. जूनपासून पहिल्यांदाच ते सरळ चाललं.

"आता हे पाच वर्षं कुरकुरणार नाही," प्रज्योत म्हणाला, पण त्याच्या आवाजात आनंद नव्हता. "यंत्र बरं झालं, सर. आतलं बरंच मात्र गेलं."

तपासणी करताना यंत्राने मोडकेतोडके तुकडे एका वेगळ्या ठिकाणी टाकले होते. त्यांना नावं उरली नव्हती, नुसते आकडे. जून ते सप्टेंबरच्या वाचनांतली निम्मीअधिक तशीच झाली होती. पूनमच्या नावाची एकही फाईल नव्हती.

"तुकडे ऐकून बघायचे," प्रज्योत म्हणाला. "दुसरा उपाय नाही."

आम्ही ऐकायला बसलो. दोनशेच्या वर तुकडे होते. कुठे नुसती खरखर, कुठे खुर्ची सरकल्याचा आवाज, कुठे माझंच "परत वाच, घाई नको". मुलांची अर्धी अर्धी वाक्यं येत होती. मला वाटलं होतं, आवाज कानावर पडताच मूल ओळखेन. पण दोन वाक्यांत ते जमत नव्हतं. पुस्तकी वाक्य वाचताना मुलांच्या बोलण्यातला गावचा हेल फारसा उरत नाही, तो मीच वर्षभर घासून घालवत असतो.

चारच्या सुमाराला एक अकरा सेकंदांचा तुकडा सापडला. मुलगी 'प्रज्ञा' शब्दाशी थांबते, थोडं शांत, मग एकदम म्हणून टाकते. मी प्रज्योतचा हात धरला.

"हीच," मी म्हटलं.

"नक्की, सर?"

"नक्की."

त्याने तो तुकडा तिथल्या तिथे तीन ठिकाणी उतरवला आणि फाईलला पूनमचं नाव दिलं.

रविवारी रोहिणी आली तेव्हा मी तिला आधीच सगळं सांगून टाकलं. सात धडे गेले, अकरा सेकंद उरलेत. देवीला मी प्रश्न नीट विचारला नाही, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग खुर्चीवर टेकून तिने हेडफोन स्वतःच चढवला.

मी फाईल लावली. तिने डोळे मिटले नाहीत. संपल्यावर बोटाने खूण केली, पुन्हा लावा. पुन्हा लावली. मग तिने हेडफोन काढून मेजावर ठेवला.

"गुरुजी, ही आमची न्हाई."

"नीट ऐक. तो शब्द बघ कशी म्हणते."

"शब्द कुणीबी तसाच म्हणंल. आमची पूनम थांबली की आवंढा गिळायची. बारका आवाज यायचा. सातीच्या सात धड्यांत हाय त्यो. ही गिळत न्हाई."

मला तो आवाज कधीच ऐकू आला नव्हता. मी जोडाक्षरं ऐकत होतो.

"चुकलो," मी म्हटलं.

यंत्राचा पंखा एकसारखा चालू होता. तिने विचारलं, "मग ही कुणाची?"

"ठाऊक नाही. शोधावं लागेल."

"शोधा. तिच्या आईला द्या," ती म्हणाली आणि उठली. त्यानंतर ती शाळेत आली नाही.

सोमवारी मी तो तुकडा वर्गात लावला. समीक्षा लगेच म्हणाली, "सर, माझा तो. पुसून टाका, चुकलंय त्यात."

मी पुसला नाही. संध्याकाळी तो पेनड्राइव्हवर घेऊन तिच्या घरी गेलो. तिची आई अंगणात सुपारी सोलत होती. तिने ओल्या हातांनी पेनड्राइव्ह घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हें कित्याक, मास्तर?"

"असू दे घरात," मी म्हटलं. कशाला, ते मला त्याहून जास्त सांगवलं नाही.