अळूवडीचं कौतुक

नवऱ्याला अक्कल असते, पण पाहुणे आले की ती चपलांबरोबर दाराबाहेर राहते, असं नयनाचं मत होतं. अठ्ठ्याण्णव साली जपानात, निशी-कसाईतल्या त्यांच्या दोन खोल्यांत ते सिद्ध झालं.

रविकांतचे साहेब ओकादासान जेवायला यायचे होते. नयनाने शेजारच्या आजींच्या वाफ्यातून सातोइमोची, म्हणजे जपानी अळूची, पानं मागून आणली आणि वड्या केल्या. पुण्याहून आणलेल्या चिंचेचा उरलासुरला गोळा सगळा त्यात गेला. इथे आल्यापासून रविकांतने तिच्या हातच्या कशालाही बरं म्हटलं नव्हतं. आज साहेबांसमोर तरी म्हणेल, ही तिची वेडी आशा.

ओकादासाननी वडीवर वडी चेपली आणि तोंडभर कौतुक केलं. आता, बायकोचं कौतुक झालं की नवऱ्याने 'छे, कसलं काय' म्हणायचं, ही तिथली रीत रविकांत ऑफिसात शिकला होता. गडी दोन पावलं पुढेच गेला. जपानीत म्हणाला, "छे हो, हिला स्वयंपाकातलं काही कळत नाही."

बायकोला जपानी येत नाही, याची त्याला कोण खात्री! रोज ती जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात अरुबाइतोला, म्हणजे अर्धवेळ कामाला, जाते, तिथल्या बायका काय मुक्याने भात भरतात?

नयनाचा चेहरा आधी पडला, मग तापला. लवून तिने अस्सल जपानीत सांगितलं, "आमच्या ह्यांनाही कामातलं काही कळत नाही. तुम्ही सांभाळून घेता, उपकार आहेत."

रीतीप्रमाणे ओकादासाननी 'छे छे' म्हणायला हवं होतं. पण तोंडात वडी होती. त्यांनी नुसती मान डोलावली. रविकांत पांढराफटक पडला.

साहेब गेल्यावर तो पुटपुटला, "वड्या छान होत्या."

"छान तर तू हवेलाही म्हणतोस."

त्याने बोटं चाटली. मग म्हणाला, "पानं परकी, तरी घशात जरासुद्धा खवखवलं नाही. चिंच सगळी घातलीस ना?"

नयनाचे डोळे भरून आले. मेल्याला कळत होतं तर! "हे त्यांना जाऊन सांग," ती म्हणाली.

तो संडासातल्या सपाताच पायात घालून धावला. आपण खोटं बोललो, बायको उत्तम रांधते, हे त्याने मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलेलं साऱ्या गल्लीला ऐकू गेलं. धापा टाकत परतला तेव्हा ताटलीत एकच वडी उरली होती. त्याने हात पुढे केला, पण नयनाने ती उचलून तोंडात टाकली.

"खरंय तुझं," ती सावकाश चावत म्हणाली. "अजिबात खवखवत नाही."