सतरा नंबरची हजेरी

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी डोंगराच्या पायथ्यावरून बस सुटली. सुटण्याआधी एक ते तेवीस सगळे आकडे पुकारले गेले. बसमध्ये माणसं बावीस होती. हे त्या बावीस जणांपैकी एकालाच ठाऊक होतं.

तो सोळा नंबर. वय एकेचाळीस, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. शेवटून दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसला होता. शेजारच्या जागेवर त्यानं आपली सॅक उभी ठेवून तिच्यावर जॅकेट टाकलं होतं. पुढून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी गुरफटून झोपलंय.

शहरातल्या या पदभ्रमण मंडळाची एक पद्धत होती. सकाळी बसमध्ये चढताना प्रत्येकाला एक नंबर मिळायचा आणि दिवसभर प्रत्येक थांब्यावर ज्यानं त्यानं आपला नंबर मोठ्यानं सांगायचा. मंडळाच्या प्रमुख होत्या सिस्टर. वय सहासष्ट. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढलेली. त्यांचा नियम एका ओळीचा होता: आपला आकडा आपल्याच तोंडानं.

लोक कुरकुरायचे. "डोंगरावर आलोय की पहिलीच्या वर्गात?" असं बँकेतले काका दर वेळी म्हणायचे आणि आपला चार नंबर मात्र सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचे.

सतरा नंबर होता सुपरवायझरचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, वय एकोणतीस. सुपरवायझरनंच त्याला कंपनीत चिकटवलं होतं. ऑफिसात त्याला रॉकेट म्हणत, कारण एकदा सोडला की कुठे जाऊन पडेल याचा नेम नसे. पोरगा गोड बोलायचा, कामाला वाईट नव्हता, फक्त जागेवर नसायचा. पहिल्यांदा त्याला ताप आला म्हणून सुपरवायझरनं हजेरीपटावर त्याची सही केली. दुसऱ्यांदा मित्राचं लग्न होतं. तिसऱ्यांदा कारण विचारायचंच राहून गेलं. पुढे लिफ्टच्या मशीनघरात टांगलेल्या तपासणी-कार्डांवरही तोच त्याच्या वतीनं सह्या करू लागला. घरचाच माणूस. एवढ्यानं काय बिघडतं?

आज दुपारी सव्वातीनला, माथ्यावरून उतरताना, वाटेला फाटा फुटतो तिथे रॉकेटनं त्याला बाजूला ओढलं होतं. धुकं उतरलं होतं. दहा पावलांपुढचा माणूस नुसता सावलीसारखा दिसत होता.

"भाऊजी, ही डावीकडची वाट सरळ नदीवरच्या पुलाशी निघते. मी असा खाली जातो. बस पुलावर येईल तेव्हा मी कठड्यावर पाय हलवत बसलेला असेन."

"आणि मोजणीचं काय?"

"तुम्ही आहात की. सोळा म्हटलं की जरा घसा खाकरायचा आणि सतरा म्हणायचं. ऑफिसात सही करता, इथे नुसता आवाज द्यायचाय."

"सिस्टरना कळलं तर फाडून खातील."

"त्यांना दिसतंय काय या धुक्यात!" रॉकेट हसला आणि डावीकडे वळला. पाच-सहा पावलांत धुक्यानं त्याला गिळलं.

तीन चाळीसला झऱ्यापाशी मोजणी झाली. सुपरवायझरनं सोळा म्हटलं, मान वळवली आणि घोगऱ्या आवाजात सतरा म्हटलं. चार वाजता बसमध्ये पुन्हा तसंच. दोन्ही वेळा त्याला थोडं हसूही आलं.

चार पंचवीसला बस पुलावर आली. त्यानं काचेला कपाळ लावलं. कठडा रिकामा होता. पुलाच्या पलीकडे एक बंद टपरी होती, तिच्यापुढेही कोणी नव्हतं. ड्रायव्हरनं वेग कमी केला नाही, कारण कमी करायचं त्याला कारणच नव्हतं.

आता उठायचं आणि ओरडायचं. इतकंच करायचं होतं. पण उठलं की पहिला प्रश्न येणार, बसमध्ये सतरा कोण म्हणालं? त्यानं मेहुण्याला फोन लावला, रेंज नव्हती. बस वळणामागून वळणं घेत उतरत राहिली. त्याच्या डाव्या हाताला काच होती, उजव्या हाताला त्यानंच रचलेला झोपलेला माणूस, आणि पुढे सगळ्यांच्या पाठी. मिनिट गेलं तसं बोलणं आणखी अवघड झालं, कारण आता ‘मग इतका वेळ गप्प का बसलास’ हेही त्यात मिळालं होतं.

चार बत्तीसला रेंज आली आणि फोन वाजला. बायको होती.

"अहो, त्याचा फोन लागत नाहीये. तुमच्याजवळच आहे ना?"

"झोपलाय." शब्द आपोआप निघाला.

"मग नका उठवू. आई विचारत होती, जेवायला येणारे का. आणि त्याला म्हणावं, पुढच्या वेळी निघताना फोन चार्ज करत जा."

सुपरवायझरनं फोन ठेवला. इतक्या वर्षांत त्यानं अडकलेल्या लिफ्टमधून पन्नासेक माणसं बाहेर काढली होती. दार उघडल्यावर त्यांचे चेहरे कसे दिसतात, हे तो घरी रंगवून सांगायचा. आज त्याचा चेहरा तसा झाला होता, आणि दार आतून त्यानंच धरून ठेवलं होतं.

चार चाळीसला तो उठला. "गाडी थांबवा. सतरा नंबर नाहीये."

ब्रेक लागले. सगळ्या माना वळल्या. सिस्टर पुढून चालत आल्या. त्यांनी जॅकेट उचललं, खालची सॅक पाहिली आणि जॅकेट परत ठेवलं.

"कधीपासून नाहीये?"

इथे खरं सांगता आलं असतं. सुपरवायझरनं अर्धंच सांगितलं. "चढला होता. सुटायच्या आधी लघवीला म्हणून उतरला. मला वाटलं, पुढे बसला असेल."

"मोठा माणूस आहे, येईल कोणाच्या तरी गाडीत बसून," बँकवाले काका म्हणाले. "बावीस जणांनी का लटकायचं?"

"काका, तुमचा नंबर कमी पडला असता तर गाडी वळवू की नको?" सिस्टरनी विचारलं. काका खिडकीबाहेर बघू लागले.

बस वळवायला पुढे अर्धा किलोमीटर जावं लागलं. वाटेत पूल पुन्हा लागला, कठडा अजून रिकामाच होता. पायथ्याला परत पोचेपर्यंत पाच पंधरा झाले. सगळे उतरले आणि स्वच्छतागृहामागे, पार्किंगच्या कडेच्या झुडपांत, ओढ्याच्या काठानं हाका मारत फिरू लागले. हाका मारणाऱ्यांत सुपरवायझरही होता. जिथे तो माणूस नाही हे पक्कं माहीत होतं, तिथे तो घसा फोडून त्याला बोलावत होता.

पाच पंचवीसला, सिस्टरनी वाटेतूनच फोन करून बोलावलेलं वनखात्याचं बचाव पथक आलं. सहा जण, दोर, स्ट्रेचर. पथकाच्या प्रमुखानं नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला आणि पेन्सिल काढली. "शेवटचा कुठे पाहिलाय?"

"इथेच, असं म्हणतायत," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी सुपरवायझरला खुणेनं पायथ्याच्या वनचौकीत, बाकावर बोलावलं.

"सोळा, बस. दोन मिनिटं. ऑपरेशननंतर पोट शिवायच्या आधी आम्ही रक्त टिपायला आत ठेवलेले कापडी बोळे मोजायचो. दोघी जणींनी, मोठ्यानं, एकेकाला बोट लावून. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका रात्री सर्जन चिडले होते, घाई करत होते. सोबतिणीनं मला डोळ्यानं खुणावलं, पूर्ण आहेत म्हण. तिला त्रास नको म्हणून मी म्हटलं, पूर्ण आहेत."

सुपरवायझर बाकावर बसला.

"पाच आठवड्यांनी ती पेशंट बाई परत आली. पाच आठवडे ती सांगत होती, पोटात दुखतंय. आणि पाच आठवडे सगळे तिला कागद दाखवत होते. कागदावर बोळे पूर्ण होते ना."

"वाचली?"

"वाचली. पण मी तुला ती वाचली म्हणून सांगत नाहीये. बोळा कमी आहे हे मी त्या वेळी सांगितलं असतं, तर पाच मिनिटं शिव्या खाल्ल्या असत्या आणि शोधला असता. माझ्या होकारानं झालं काय, की त्याला कोणी शोधायचंच बंद केलं. खोटी हजेरी म्हणजे हेच रे. नसलेला माणूस त्यानं हजर होत नाही. फक्त तो नाहीये, हे कळायची वाट बंद होते."

बाहेर पथकाची माणसं दोर खांद्यावर घेत होती. एकजण पार्किंगमागच्या ओढ्याकडे बोट दाखवत होता.

"तीन चाळीसला झऱ्यावर मी सतरा ऐकला," सिस्टर म्हणाल्या. "धुकं होतं, मी तोंडं पाहिली नाहीत. बसमध्ये धुकं नव्हतं, तरी पाहिली नाहीत, पाय दुखत होते म्हणून. तोंड बघून आकडा घ्यायचा, हा माझ्याच नियमातला अर्धा भाग मी गाळला, तेवढं माझ्याकडे लागतं. पण तो आवाज कुणाचा होता, हे मला सांगता येणार नाही. तुला येईल. दीड तासानं अंधार पडेल, सोळा."

"माझा होता!" तो इतक्या मोठ्यानं बोलला की जीपपाशी उभे असलेले सगळे वळले. "झऱ्यावरही माझा, बसमध्येही माझा. तो सव्वातीनलाच फाट्यावरून डावीकडे गेला. एकटा. पुलावर भेटणार होता."

पथकाच्या प्रमुखानं शिवी दिली नाही. त्यानं पेन्सिलीनं नकाशावरची खूण खोडली आणि अडीच किलोमीटर वर दुसरी केली. "डावीकडची वाट दोन वर्षांपूर्वी दरड कोसळून तुटलीय," तो म्हणाला. "पुलाशी निघत नाही." मग घड्याळ पाहिलं. "आम्हाला हे पाऊण तास आधी कळलं असतं, तर दुसरी तुकडी बोलावून ती उजेडातच पुलाकडून वर पाठवली असती."

अठरा नंबरची बाई वह्या-पेन्सिलींचं दुकान चालवायची. दिवसभर ती सुपरवायझरच्या मागेच चालत होती. ती हळूच म्हणाली, "मला ऐकू आलं होतं. दोन्ही आकडे एकाच तोंडून. मला वाटलं, तुमची घरातली गंमत चाललीय. आपण कशाला बोला." तिच्याकडे रागानं बघायचा हक्क तिथे कोणालाच नव्हता. कोणी बघितलंही नाही.

पाच पन्नासला सुपरवायझरनं बायकोला फोन करून सगळं सांगितलं.

"मघाशी झोपलाय म्हणालात."

"हो."

"म्हणजे तुम्हाला तेव्हा माहीत होतं."

"हो."

"आईला मी काय सांगू?"

"खरं सांग. मी सांगितलं म्हणून सांग."

"तुमच्या मेहेरबानीनंच तो असा झालाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि ते जास्त लागलं. "मी निघालेय तिकडे."

सहा वाजता त्यानं दुसरा फोन आपल्या साहेबांना केला. या महिन्यात मेहुण्याच्या नावावर असलेल्या चार इमारतींमधल्या नऊ लिफ्टची तपासणी झालेलीच नाही, कार्डांवरच्या सह्या आपल्या आहेत, आणि त्या लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद कराव्यात, असं त्यानं सांगितलं.

"रविवारी संध्याकाळी?" साहेब म्हणाले. "अरे, डोक्यावर पडलास का? एका इमारतीत वरच्या चार मजल्यांवर वृद्धाश्रम आहे. आणि हे सगळं तू मला फोनवर कबूल करतोयस? उद्या दाबून टाकू, तू आज गप्प बस."

"दाबायचं नाहीये, साहेब. वृद्धाश्रमातली आधी बंद करा. तुम्ही नाही केलीत तर मी इमारतींच्या पहारेकऱ्यांना फोन लावतो."

पलीकडून फोन आदळला. सुपरवायझरनं चारही पहारेकऱ्यांचे नंबर काढले आणि एकेक करून लावले. सव्वासहापर्यंत आठ लिफ्ट बंद झाल्या. नववी चौथ्या इमारतीत होती आणि तिथला पहारेकरी फोन उचलत नव्हता. सुपरवायझर दर पाच मिनिटांनी पुन्हा लावत राहिला.

वाचकहो, या माणसाला खलनायक ठरवून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्यानं कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. आपल्या प्रत्येक कचेरीत, कारखान्यात, वर्गात कोणीतरी कोणाचा तरी आकडा पुकारतं, कोणाची तरी सही करतं, आणि शेजारचा ऐकूनही गप्प बसतो. त्याला आपण मैत्री म्हणतो, नातं म्हणतो, सांभाळून घेणं म्हणतो. पण जो हजर नाही त्याच्यासाठी आपण करू शकतो अशी सगळ्यांत मोठी मदत एकच आहे: तो इथे नाही, हे वेळेवर आणि स्पष्ट सांगणं. त्यानं तो रागावेल. रागवायला तो आपल्यात असेल.

सुपरवायझरनं पथकाबरोबर वर जायची परवानगी मागितली होती. ती मिळाली नाही. आणखी एक माणूस शोधावा लागू नये, असं कारण प्रमुखानं दिलं. तो चौकीत वायरलेससमोर बसून राहिला. बँकवाले काका त्याच्या शेजारी येऊन बसले.

सहा बावन्नला पहिल्या तुकडीनं फाटा गाठल्याचं कळवलं. धुकं तसंच आहे, हाकेला उत्तर नाही. सात वाजता मागाहून आलेली दुसरी तुकडी पुलाकडून नदीच्या काठानं वर निघाली. सात वाजून सहा मिनिटांनी पहिल्या तुकडीचा पुढचा संदेश आला. कोसळलेल्या दरडीच्या अलीकडे ओल्या मातीत बुटाचे ठसे मिळाले आहेत. ताजे आहेत. ते दरडीपासून मागे फिरलेले नाहीत, उजवीकडच्या झाडीत उतरले आहेत. तुकडी त्यांच्यामागे जात आहे.

त्यानंतरचा संदेश हे लिहीपर्यंत आलेला नाही.