किलाकोटातला शिपाई

देवासला टेकडीच्या पायथ्याशी सावित्रीबाईंचं घर होतं, आणि त्या घराची रस्त्याकडची भिंत दर पितृपक्षात गल्लीतल्या मुलींच्या मालकीची होत असे. भाद्रपदाची पौर्णिमा आली की मुली शेणाच्या पाट्या घेऊन हजर. रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची नवी आकृती थापायची, तिला तेरड्याच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाणी म्हणायची, प्रसाद वाटायचा. दुसऱ्या दिवशी ती खरवडून टोपलीत ठेवायची आणि नवी काढायची. ही माळव्यातली संजा. घराघरांतून वाडवडिलांची पानं वाढली जात असतात, कावळ्यांना हाका मारल्या जात असतात, आणि त्याच दिवसांत पोरी भिंतीपाशी खिदळत असतात. यात वावगं काही आहे असं तिथे कधी कुणाला वाटलं नाही. शेवटी शेवटी संजेचा किलाकोट होतो. भला मोठा किल्ला, आणि त्यात बघताच हसू यावं अशी माणसं. जाडी जसोदा, पतली पेमा, चोर, ढोलवाला.

सावित्रीबाईंनी जन्मभर बालवर्ग शिकवला होता. संस्थान गेलं, शाळेत सगळं हिंदी झालं आणि मुली मराठी वाचताना अडखळू लागल्या, तेव्हा बाईंनी त्यांना संजेच्या आधी ओट्यावर बसवून घ्यायला सुरुवात केली. कुणावर रागवायचं नाही, कुणाला हसायचं नाही, चुकलं तर पुन्हा म्हणायचं, एवढाच त्यांचा नियम.

पन्नास साली या भिंतीपाशी एक नवा माणूस येऊन बसू लागला. गल्लीच्या टोकाला राहणारा रघुजी. तो फौजेत होता, सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडला, लढाई संपेपर्यंत कुठल्याशा बेटावर कैदेत राहिला आणि घरी आला तो एक पाय ओढत. मोठ्या माणसांत तो कधी तोंड उघडत नसे. मुलींनी मात्र त्याला बोलतं केलं.

"काका, जपानी कसा असतो?" इंदूने विचारलं होतं.

"जपानी ना? आपल्या गल्लीतल्या दर्ज्यासारखा. फक्त कात्रीच्या जागी बंदूक."

मुली हसल्या. मग रघुजीने सांगितलं, की त्यांच्यावर पहारा करणाऱ्या एका शिपायाजवळ चित्रांचं पुस्तक होतं. पानावर चौकटी, चौकटीत चित्रं, आणि चित्रांत एक माकड फौजेत भरती झालेलं. माकड तोफेवर बसतं, स्वतःच्याच शेपटीला सलाम करतं. त्यांच्याकडे लहान मुलांसाठी लढाईच्या असल्या गमतीच्या गोष्टी छापतात. पहारेकरी ते पुस्तक वाचून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचा, आणि मग तेच पुस्तक गुंडाळून कैद्याच्या डोक्यात हाणायचा.

"मग आपण आपल्या शिपायाची गोष्ट करू," इंदू म्हणाली. "रोज एक चौकट. आज संजा, तिच्या शेजारी शिपाई."

अशी सुरुवात झाली. रघुजी सांगायचा आणि मुली थापायच्या. शिपायाचं नाव मुलींनीच ठेवलं, ढब्बू. ढब्बू कैदेत रोज सकाळी पहारेकऱ्याला वाकून मुजरा करायचा. सगळ्या कैद्यांना तसा हुकूमच होता. पण ढब्बू इतका वाकायचा की टोपी पहारेकऱ्याच्या बुटावर पडायची. मूठभर भात मिळाला की तो पहारेकऱ्याला माळवीत जेवायचा आग्रह करायचा, "आव भिया, जीमी लो." रघुजी आवाज बदलून, मान तिरकी करून हे म्हणायचा आणि मुली एकमेकींच्या अंगावर कोसळायच्या. सगळ्यात जास्त इंदू हसायची. नऊ वर्षांची होती. तिचे वडील, गणोजी, ती पोटात असताना फौजेत गेले होते. रघुजीबरोबरच गेले होते. बेपत्ता, एवढाच शब्द सरकारकडून आला होता. रघुजी परत आल्यावर म्हणाला होता, की आम्हाला वेगवेगळ्या बेटांवर नेलं, मला ठाऊक नाही. इंदूची आई कुसुमावती समोरच्याच घरात राहत होती, आणि रोज सकाळी न चुकता कुंकू लावत होती.

सप्तमीच्या संध्याकाळी शेणाच्या शिपायाला पाकळ्यांच्या गुंड्या लावायचं काम इंदूकडे आलं. तिने एका ओळीत नीट लावल्या.

"अशा नाही," रघुजी म्हणाला. "ढब्बूची गुंडी नेहमी एक घर चुकायची. खालची वर, वरची त्याच्या वर. शेवटी कॉलर एका कानाला चिकटलेली."

सावित्रीबाई ओट्यावर पाट्या आवरत होत्या. त्यांचे हात थांबले.

बालवर्गात एक मुलगा होता. त्याच्या सदऱ्याची गुंडी रोज एक घर चुकलेली असायची. बाई रोज त्याला जवळ घेऊन सगळ्या काढायच्या आणि पुन्हा लावायच्या, आणि तो तेवढ्या वेळात त्यांना विचारायचा, "बाई, तुम्ही जेवलात?" तो गणोजी होता.

बाईंनी समोर पाहिलं. कुसुमावतीच्या खिडकीचं एक दार उघडं होतं आणि आत कुणी उभं आहे की नाही ते कळत नव्हतं. भिंतीपाशी इंदू आपल्या हाताने त्या शिपायाच्या छातीवर पाकळ्या चिकटवत होती, तिरक्या, एक घर चुकवून, आणि हसत होती.

मुली गेल्यावर बाईंनी रघुजीला थांबवलं.

"तो गणोजी आहे."

रघुजीने नाही म्हटलं नाही. काठीच्या टोकाने तो जमिनीवर चौकटी काढत राहिला.

"तू त्याच्याबरोबर होतास. शेवटपर्यंत?"

"हो, बाई."

"मग तिच्याशी खोटं का बोललास?"

"ती दारात हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती हो. मी परत आलो म्हणून ओवाळायला. कसं सांगू? नंतर दर वर्षी वाटलं, आता सांगू. तोंड उघडलं की घशात आवाजच नाही. पण या पोरींना हसवायला लागलो ना, की सगळं येतं. त्याचं चालणं, बोलणं, सगळं."

"मेलेल्या माणसाला विदूषक करून? त्याच्याच मुलीपुढे?" बाईंचा आवाज चढला नव्हता, पण रघुजीने मान खाली घातली. "रघुजी, ती उद्या मोठी होईल. आपण कुणाला हसत होतो हे तिला कळेल. तेव्हा ती काय करेल, याचा विचार केलास?"

"तो असाच होता, बाई. मी एक शब्द वाढवला नाही. तिथे आम्ही त्याच्यामुळे जगलो. रडका गणोजी भिंतीवर काढला तर तो दुसराच कुणीतरी होईल."

"आणि शेवटची चौकट? ती कशी काढणार आहेस?"

रघुजी काठी टेकत निघून गेला.

पुढच्या दिवसांत बाईंचं वाचन शिकवण्यात लक्ष लागेना. गोष्ट बंद करा असं त्या मुलींना एकदा म्हणाल्या, तर मुली हिरमुसल्या. इंदू म्हणाली, "बाई, पण तो सुटून घरी येईल ना? तेवढं होऊ द्या." कुसुमावतीला जाऊन सांगावं म्हणून त्या दोनदा उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिसऱ्यांदा कुसुमावतीच दारात दिसली, कपाळावर कुंकू ठसठशीत, आणि बाई नुसतंच विचारून आल्या, की यंदा अंबाडी मिळाली का.

भिंतीवरची गोष्ट मात्र थांबत नव्हती. चौकटी रोज खरवडल्या जात आणि रोज नव्या उमटत. पण रघुजी आता पूर्वीसारखा रंगत नव्हता. आवाज बदलायचा, मान तिरकी करायचा, मुली हसायच्या, आणि तो मध्येच थांबून मुलींच्या हसण्याकडे कान देऊन बसायचा, जणू त्या हसण्यातून दुसरं काहीतरी ऐकू येणार आहे. समोरच्या खिडकीचं दुसरं दारही आता उघडं असे.

तेरसेला किलाकोट मांडायला घेतला. उजेड असतानाच मुलींनी तट थापला, बुरूज केले, जाडी जसोदा आणि पतली पेमा दारात उभ्या केल्या. मधोमध ढब्बूसाठी जागा ठेवली. इंदूने त्याला सगळ्यांहून मोठा केला. एक घर चुकलेल्या गुंड्या, तांबड्या तेरड्याच्या.

"काका, आज शेवट," ती म्हणाली. "कसा सुटतो?"

रघुजी घसा खाकरून म्हणाला, "एकदा काय झालं, मोठा साहेब हजेरी घ्यायला आला. सगळे रांगेत. साहेबाचं लक्ष ढब्बूच्या गुंड्यांवर गेलं. म्हणाला, नीट लाव. ढब्बूने सगळ्या काढल्या. पुन्हा लावल्या. पुन्हा एक घर चुकली."

मुली हसल्या.

"साहेब म्हणाला, पुन्हा. ढब्बूने पुन्हा काढल्या. पुन्हा लावल्या. आता कॉलर दुसऱ्या कानाला. रांगेत आधी एक फिसकन हसला, मग दुसरा. आणि तो पुस्तकवाला पहारेकरी, तो साहेबाच्या मागे उभा होता ना, तोही हसला. मोठ्याने. साहेबाने मागे वळून पाहिलं."

रघुजी थांबला. मुलींच्या तोंडावर अजून हसू होतं, पुढच्या गमतीची वाट पाहणारं. सावित्रीबाई उठून उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायला हवं होतं, मुलींना घरी पाठवायला हवं होतं, पण त्यांना शब्द सुचण्याआधी समोरचं दार वाजलं.

कुसुमावती रस्ता ओलांडून आली. डोक्यावरून पदर घेतलेला होता. मुलींनी तिला वाट करून दिली. ती थेट भिंतीपाशी गेली आणि शेणाच्या त्या शिपायापुढे उभी राहिली. बोट पुढे करून तिने पहिल्या पाकळीला हात लावला, मग दुसरीला. इंदू म्हणाली, "आई, चुकलं नाहीये, त्याची तशीच असते."

"माहीत आहे मला," कुसुमावती म्हणाली.

ती रघुजीकडे वळली. बाईंना वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत मारेल. मारावी असंही त्यांना क्षणभर वाटलं.

"भावजी," ती म्हणाली, "एवढंच सांगा. पान उद्या वाढू, की परवा?"

मुलींना यातलं काही कळलं नाही. बाईंना कळलं. परवा अमावस्या. ज्यांची तिथी माहीत नाही, अशा सगळ्यांचं पान त्या दिवशी. उद्याची चतुर्दशी फक्त शस्त्राने गेलेल्यांची.

रघुजीचे ओठ हलले. आवाज फुटला तो त्याचा स्वतःचा होता, बदललेला नव्हता.

"उद्या, वहिनी."

कुसुमावतीने मान हलवली.

"कुणी?"

"तोच. पुस्तकवाला. साहेबाने त्यालाच हुकूम केला. तो हसला होता म्हणून." रघुजीने काठी दोन्ही हातांनी धरली होती. "तो जिवंत असेल, वहिनी. त्याच्या गावी मुलांना घेऊन बसत असेल. हीच गोष्ट सांगत असेल, हसवत. चौकटी काढून."

टेकडीवरच्या देवळात आरती सुरू झाली होती. मग सावित्रीबाई कुसुमावतीजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी थांबवायला हवं होतं. चेष्टा झाली ही."

"मला आधी चीड आली होती," कुसुमावती म्हणाली. "खिडकीत उभी राहून दात खात होते. पण बाई, गेली आठ वर्षं मी आले की लोक गप्प होतात. त्यांचं नाव कुणी काढत नाही. या भिंतीवर तेवढे ते चालत बोलत होते. पोरीने बापाला पाहिलं ते इथंच. त्या जपान्याने सांगितली तर मात्र मला सोसायची नाही. तीच गोष्ट, तेच शब्द असले तरी."

तिने इंदूचा हात धरला. शेणाने भरलेला तो लहानसा हात. इंदू एकदा आईकडे आणि एकदा भिंतीकडे पाहत होती. तिचं हसू केव्हाच गेलं होतं. तिला किती कळलं होतं ते बाईंना सांगता आलं नसतं. मुलांना आपण समजतो त्याच्या आधी कळलेलं असतं, आणि आपण समजतो त्याच्या कितीतरी नंतर ते विचारतात, हे त्यांनी वर्गात पुष्कळदा पाहिलं होतं.

"किलाकोट पुसू का?" इंदूने विचारलं.

"अमावस्येला पुसतात," आई म्हणाली. "तोवर राहू दे. गुंड्याही तशाच राहू देत."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसुमावतीच्या अंगणात पान वाढलं होतं. खीर, वडे, अंबाडीची भाजी. भटजी उरकून गेले होते. सावित्रीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि कुसुमावतीच्या कपाळाकडे पाहायचं टाळत होत्या. तिथे आज काही नव्हतं. रघुजी फाटकाच्या बाहेर उभा होता. आत ये असं त्याला कुणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

कावळा आला होता. कौलांच्या कडेवर बसून होता. खाली येत नव्हता.

कुसुमावतीने हात जोडून मनात काहीतरी कबूल केलं. कावळा हलला नाही. इंदूला नीट सांभाळीन, असं ती मग उघड म्हणाली. तरी नाही. खिरीवर साय धरू लागली. गल्लीतल्या इतर घरांतली पानं केव्हाच उष्टी झाली होती आणि तिथले कावळे उडून गेले होते. हा एकटाच, मान तिरकी करून, बसून होता.

इंदू पानाजवळ उकिडवी बसली होती. तिने वर पाहिलं. मग बारीक आवाजात, रघुजीकाका म्हणायचा अगदी तसं, म्हणाली,

"आव भिया, जीमी लो."

अंगणात कुणी हसलं नाही. फाटकाबाहेर काठी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. कावळ्याने मान दुसरीकडे तिरकी केली, आणि कौलांच्या कडेवरून एक पाऊल पुढे सरकला.