जामीनदाराची सही

फॉर्मवर ‘इतर कर्जे’ या रकान्यात संघमित्राने ‘नाही’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. परळच्या रुग्णालयात रक्ताचे नमुने तपासण्यात तिची बारा वर्षं गेली होती. न तपासता काही लिहायची तिला सवय नव्हती.

“मॅडम, तुम्ही जामीनदार आहात,” बँकेतली मुलगी स्क्रीन तिच्याकडे वळवत म्हणाली. “टॅक्सीचं कर्ज. चौदा महिने हप्ते थकलेत. ते खातं बंद झाल्याशिवाय तुमचं गृहकर्ज पूर्वमंजूर होणार नाही.”

शिवाची टॅक्सी. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या गंगुबाईंचा मुलगा शिवा कागद घेऊन आला होता आणि संघमित्राने उभ्या उभ्या सही केली होती. चाळीत शेजाऱ्याच्या कागदावर सही करणं म्हणजे लग्नात पंक्तीला वाढायला उभं राहण्यासारखं. ते कोणी लक्षात ठेवतं का?

वडाळ्याच्या घराचा मालक शनिवारपर्यंत थांबणार होता. बँकेचं पत्र दाखवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं त्याने सांगितलं होतं. त्या इमारतीत लिफ्ट होती, संडास घरात होता. इथे बाबांना, बाबुरावांना, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मजल्याच्या टोकाला जाईपर्यंत दोनदा भिंत धरावी लागायची. परवा वेळेत पोचता आलं नाही, म्हणून ते रडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारी गेली, तेव्हा गंगुबाई पोळ्या लाटत होत्या.

“ये गो मित्रा. गावलां काय पत्र?”

“मावशी, शिवाच्या टॅक्सीचं कर्ज...”

“तो गेला, त्याबरोबर तांपण गेलां मां?”

“नाही गेलं.”

त्यांनी फळीवरून पाकिटांचा गठ्ठा काढला. सगळ्यांवर शिवाचं नाव, एकही फोडलेलं नाही. “मेल्या माणसाची पत्रां मी कशी फोडू, बाय?”

संघमित्राने एक फोडलं, आकडा वाचून दाखवला. टॅक्सी विकली तर भागत होतं. ती खाली आवारात ताडपत्रीखाली उभी होती; दसऱ्याला गंगुबाई तिला हार घालत. आपल्या शिलकीतून कर्ज फेडावं, तर घरासाठी भरायची रक्कम तेवढीच कमी पडत होती. तिने रात्रभर आकडेमोड केली होती. दुसरं उत्तर येत नव्हतं.

“विकावी लागेल, मावशी.” आवाज नेहमीसारखाच निघाला, याचीच तिला लाज वाटली.

गंगुबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. “त्याच्या सीटवर अजून त्याचो वास येता,” एवढंच म्हणाल्या. मग उठून त्यांनी खिळ्यावरची चावी तिच्या हातात दिली.

बुधवारी टॅक्सी गेली. गुरुवारी खातं बंद झालं. बँकेतल्या मुलीने तो दाखला लावून फाइल स्वतः पुढे नेली, आणि शनिवारी दुपारी पत्र मिळालं. वडाळ्याच्या मालकाला ते दाखवून संघमित्रा परतली, तेव्हा गंगुबाई गॅलरीत उभ्या होत्या.

“गावलां?”

“हो, मावशी.”

“बरां झालां. बाबुरावांचे हाल संपतीत.”

हे त्या मनापासून म्हणाल्या. मग घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. चाळीत दिवसा कोणी दार लावत नाही. शिवाला नेलं त्या दिवशीही ते दार उघडंच होतं.

आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

“कोण गं?” बाबांनी खाटेवरून विचारलं.

“कोणी नाही,” संघमित्रा म्हणाली, आणि पत्र हातात धरून बंद दारासमोर उभी राहिली.